काट्यावरची पावती बसमध्ये भलत्याच वाटेला जाते, आणि उसाच्या ०२६५ जातीलाच नेमकी अडते

मांजराकाठ, लातूर

नमस्कार मंडळी. साखर कारखान्याचं काम आहे, गाळप सुरू व्हायला फार दिवस उरले नाहीत. मांडणी अशी आहे.

दोन वजनकाटे. काट्यावरचं सॉफ्टवेअर दर वजनानंतर सोप १.१ मध्ये (एक्सएमएलमध्ये मेसेज पाठवायची ठरलेली पद्धत) एक मेसेज टाकतं. त्यात काटा क्रमांक, पावती क्रमांक, वाहन क्रमांक, गट, उसाची जात, भरलेलं किंवा रिकामं वजन, बांधणीची वजावट, शेतकरी आणि ठेकेदार यांची नावं, बँक खातं. मधे डब्ल्यूएसओटूचा मायक्रो इंटिग्रेटर बसवलाय, म्हणजे एका सॉफ्टवेअरचा मेसेज बदलून दुसऱ्याकडे पोचवणारा दुवा; त्यालाच 'बस' म्हणतो. तिथून मेसेज ईआरपीला (कारखान्याच्या हिशेबाचं मुख्य सॉफ्टवेअर) सोपमध्येच जायचा आहे. गट ०१ ते ०६ असेल तर मूळ युनिटच्या पत्त्यावर, ०७ ते ११ असेल तर दुसऱ्या युनिटच्या. त्यानंतर एसएमएसच्या सेवेला जेसन (माहिती लिहायची एक सुटसुटीत मांडणी), आणि तोडणी-वाहतुकीच्या हिशेबालाही जेसन.

अडचणी:

स्विच मीडिएटर (मूल्य बघून मेसेजची वाट निवडणारा बसचा भाग) प्रत्येक पावती डिफॉल्टलाच, म्हणजे काहीच न जुळल्यावरच्या वाटेला, टाकायलाय. गट कोणताही असो. तोच एक्सपाथ, म्हणजे मेसेजमधला घटक शोधायची वाट, ऑनलाइन तपासणीत बरोबर चालतो (तिथे टाकताना वरचे नेमस्पेस, म्हणजे घटकांची नावं कुठल्या संचातली ते सांगणारे पत्ते, काढून टाकले होते, वाचायला सोपं जावं म्हणून).

एसएमएसची सेवा को ८६०३२ जातीच्या पावत्या बिनतक्रार घेते. कोएम ०२६५ आली की ४०० ('मागणी चुकीची' असा एरर) देते. जातीच्या रकान्यात फक्त आकडे असतात, ८६०३२ किंवा ०२६५. बाकी मेसेज अगदी सारखा.

नावं कधी प्रश्नचिन्हं होऊन येतात, कधी टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं होऊन.

आणि चौथं, ज्याची खरी धास्ती आहे: रात्री ईआरपी मंदावलं की एकाच खेपेच्या दोन नोंदी पडतात. वजन दोनदा म्हणजे उसाची रक्कम दोनदा.

कुठून धरावं?

---

औंढ्याचा जावा, हिंगोली

स्विचचं उत्तर तुम्ही कंसातच लिहून ठेवलंय. नेमस्पेस काढल्यावर चालतं, म्हणजे दोष नेमस्पेसचाच.

काट्याच्या मेसेजमध्ये मूळ घटकावर एक डिफॉल्ट नेमस्पेस जाहीर केलेला असणार, आतल्या घटकांना कुठलाच प्रीफिक्स (नावाआधी लावायची नेमस्पेसची छोटी खूण) नसणार. डोळ्यांना 'गट' हे साधं नाव दिसतं, पण ते त्या नेमस्पेसमध्ये असतं. एक्सपाथ १.० च्या लेखी प्रीफिक्स नसलेलं नाव म्हणजे कोणत्याच नेमस्पेसमध्ये नसलेलं नाव. म्हणून तुमची वाट काहीच शोधत नाही, रिकामी स्ट्रिंग येते, एकही केस जुळत नाही आणि गाडी डिफॉल्टला. एरर येत नाही, हीच यातली वाईट गोष्ट.

उपाय: स्विचच्या घटकावरच एक प्रीफिक्स जाहीर करा, समजा 'यू', आणि वाटेत प्रत्येक पायरीला तो लावा. प्रीफिक्स कोणताही चालतो, तो मेसेजमधल्याशी जुळायची गरज नाही. जुळायला हवा तो यूआरआय, म्हणजे नेमस्पेसचा पत्ता, आणि तो अक्षर न् अक्षर. शेवटची एक तिरकी रेघ जास्त असली तरी तो वेगळा नेमस्पेस. मेसेजमधूनच कॉपी करा, हाताने टाइप करू नका.

लोकल-नेमची युक्ती (नेमस्पेस न बघता नुसत्या नावाने शोधणं) बरेच जण सांगतील. तपासायला ठीक, कायमची ठेवू नका. तुमच्या मेसेजमध्ये शेतकऱ्याच्या आतही 'नाव' आहे आणि ठेकेदाराच्या आतही. दोन तिरक्या रेघा देऊन नुसतं लोकल-नेम 'नाव' मागितलंत तर भलतंच नाव हाती येईल. पूर्ण वाट द्या.

नेमस्पेस दुरुस्त झाला की लगेच दुसरी ठेच लागेल, आधीच सांगून ठेवतो. स्विचमधली केस ही रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुराचा नमुना) असते आणि ती पूर्ण मजकुराशी जुळावी लागते. गट '०३' नंतर एक स्पेस किंवा ओळ बदलल्याची खूण आली की गेलं. म्हणून सोर्सच्या एक्सपाथवर नॉर्मलाइज-स्पेस (जादा स्पेस छाटणारं फंक्शन) लावाच. शिवाय काट्यावरचा माणूस मराठी कीबोर्डवर असला तर गट देवनागरी आकड्यांत येतो. 'शून्य ते नऊ' अशी इंग्रजी आकड्यांची कक्षा त्याला ओळखत नाही, आणि जावाचा 'बॅकस्लॅश डी' ('कोणताही आकडा' ही खूण) सुद्धा स्वतःहून ओळखत नाही. एक्सपाथमध्येच ट्रान्सलेट फंक्शन आहे: पहिल्या यादीत दहा देवनागरी आकडे, दुसरीत त्याच क्रमाने दहा इंग्रजी. वजनाच्या रकान्यांनाही हेच लावा. स्कीमातला (मेसेज कसा असावा याच्या नियमांतला) डेसिमल प्रकार देवनागरी आकडा घेत नाही.

डिफॉल्ट केस 'मूळ युनिट' अशी ठेवली असेल तर आजच बदला. डिफॉल्टमध्ये फक्त लॉग आणि वेगळ्या स्टोअरमध्ये टाकणं. न ओळखलेला गट चुकीच्या युनिटच्या खात्यात गपचूप पडण्यापेक्षा अडकून पडलेला बरा.

---

गोदाकाठ, नांदेड

०२६५ चं बघा. तुमच्या पेलोड फॅक्टरीतल्या (साच्यावरून मेसेज बनवणाऱ्या भागातल्या) जेसन साच्यात जातीच्या जागी अवतरणचिन्हं नाहीत, पैजेवर सांगतो. म्हणजे साच्यात डॉलर-एक (जिथे मूल्य येऊन बसतं ती खूण) नुसतं लिहिलंय. ८६०३२ तिथे बसलं की तो जेसनच्या नियमाने वैध आकडा. ०२६५ बसलं की जेसनच मोडतं, कारण जेसनमध्ये शून्याने सुरू होणारा पूर्णांक चालत नाही. पलीकडचा पार्सर ४०० देतो ते बरोबरच करतो. साच्यात डॉलर-एकच्या दोन्ही बाजूंना दुहेरी अवतरण द्या, संपलं.

कुणी हुशारी करून एक्सपाथमध्ये नंबर फंक्शन लावेल आणि ४०० बंद होईल. ते करू नका. मग २६५ जाईल आणि तुमच्या जातींच्या मास्टरमध्ये २६५ नावाचं काही नसेल.

हाच नियम बँक खात्याला, पिनकोडला, मोबाइलला, पावती क्रमांकाला. ज्याची बेरीज-वजाबाकी होत नाही तो मजकूर, आकडा नाही. खात्याचं तर आणखी एक आहे: जावास्क्रिप्टवर चालणारी सेवा ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढचे पूर्णांक नेमके धरू शकत नाही. हा सोळा आकडी आहे. सोळा-सतरा आकडी खातं अवतरणाशिवाय गेलं तर शेवटचा आकडा बदलून येऊ शकतो, आणि तेही एरर न देता.

साचा न वापरता एक्सएमएलचं आपोआप जेसन करून घेत असाल तर सिनॅप्स (बसच्या आतलं इंजिन) आकड्यासारखी दिसणारी मूल्यं स्वतःच आकडे करून टाकतं. ऑटो-प्रिमिटिव्ह नावाची सेटिंग आहे, ती बंद करा. पण ती सगळ्या बसला लागू होते, हे लक्षात ठेवा. आणि खेपांची यादी पाठवताना यादीत एकच खेप असली तर अॅरेऐवजी साधा ऑब्जेक्ट तयार होतो. दोन खेपा असताना चालतं, एक असताना पडतं, असं कुणी सांगितलं की आधी हेच तपासायचं.

आता नावं. प्रश्नचिन्हं आणि टोपीवाली अक्षरं हे दोन वेगळे रोग आहेत.

टोपीवाली अक्षरं म्हणजे यूटीएफ-८ चे बाइट कुणीतरी लॅटिन-१ समजून वाचले. माल शाबूत आहे, फक्त चुकीचा चष्मा. कंटेंट-टाइपच्या हेडरमध्ये कॅरसेट (अक्षरं कुठल्या पद्धतीत लिहिली ते) लिहिलेला नसला की हे होतं. वाचणारा आपल्या मनाने काहीतरी धरतो. काट्याकडून येणाऱ्या हेडरमध्ये टेक्स्ट/एक्सएमएल नंतर कॅरसेट यूटीएफ-८ लिहून घ्या. त्यांना जमत नसेल तर बसमध्ये मेसेज वाचायच्या आधी ते ठरवावं लागतं, नंतर नाही.

प्रश्नचिन्हं म्हणजे माल गेला. देवनागरी न मावणाऱ्या जागेतून तो एकदा जाऊन आलाय. बहुतेक वेळा डेटाबेसमधला एन-व्हारकॅर (युनिकोड ठेवणारा) नसलेला, साधा व्हारकॅर रकाना. बसमध्ये कितीही डोकं लावा, परत येत नाही.

कुठे बिघडतं हे डोळ्यांनी बघायचं तर वायर लॉग (आत-बाहेर गेलेल्या बाइटची नोंद) डीबग पातळीवर लावा. तिथे इंग्रजीपलीकडचे बाइट हेक्समध्ये दिसतात. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं आणि ते 'ई०-ए४' किंवा 'ई०-ए५' नेच सुरू होतं. बसमध्ये येतानाच्या ओळींत ही जोडी दिसली आणि जातानाच्या ओळींत '३एफ' दिसलं, तर प्रश्नचिन्ह बसमध्ये तयार झालं. येतानाच '३एफ' असेल तर काट्याच्या सॉफ्टवेअरवाल्याला फोन करा. आणि दोन्ही नसून इंग्रजी अक्षरांची अर्थहीन भेळ असेल तर काट्याचा डेटा युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात आहे. त्याचं रूपांतर बसमध्ये एक्सएसएलटीने (एक्सएमएलचं रूप बदलायची भाषा) करायला जाऊ नका. मास्टरमधली नावं एकदाच बाहेर बदलून घ्या, आणि मेसेजमधून फक्त सभासद क्रमांक येऊ द्या.

एसएमएसचं जाता जाता: देवनागरीत एका संदेशात ७० अक्षरचिन्हं, जोडसंदेश झाला की प्रत्येकात ६७. काना, मात्रा, वेलांटी सगळी मोजली जातात. इंग्रजीत १६०. साचा ठरवताना लांबात लांब नावावर मोजून बघा.

---

मांजराकाठ, लातूर

स्विच लागला! यूआरआयमध्ये शेवटी तिरकी रेघ होती, आमच्यात नव्हती. ०२६५ पण अवतरणामुळेच होतं.

दोन गोष्टी नव्या निघाल्या. ईआरपीला कॉल, मग एसएमएसला कॉल, असं एकामागे एक लावलंय. एसएमएसमध्ये आता शेतकऱ्याचं नाव रिकामं जातंय. आणि व्हॅलिडेट मीडिएटर (मेसेज स्कीमाशी ताडून बघणारा भाग) बैलगाड्यांच्या पावत्या परत पाठवायलाय.

दुबार नोंदीचं राहिलंच आहे.

---

औंढ्याचा जावा, हिंगोली

कॉल मीडिएटर झाला की मेसेजची बॉडी म्हणजे ईआरपीचं उत्तर. मूळ पावती तिथे राहिलेलीच नाही, मग नाव कुठून येणार? कॉलच्या आधी एनरिच मीडिएटरने बॉडी एका प्रॉपर्टीत ठेवा, कॉल झाल्यावर परत बसवा. किंवा क्लोन वापरा, प्रत्येक फांदीला आपली स्वतंत्र प्रत मिळते. मला क्लोन पटतो, कारण एसएमएस अडला म्हणून ईआरपीची नोंद अडायला नको.

हेडरही साफ करा. ईआरपीसाठी लावलेलं ऑथोरायझेशन हेडर तसंच पुढे एसएमएसवाल्याकडे जातं. तुमचा ईआरपीचा पासवर्ड बाहेरच्या कंपनीच्या लॉगात. ॲक्सिस-टू स्कोपमधली ट्रान्सपोर्ट हेडर्स ही प्रॉपर्टी त्या फांदीत रिमूव्ह करा, मग मेसेज-टाइप ॲप्लिकेशन/जेसन करा. हा मेसेज-टाइप विसरलात तर साचा जेसनचा असूनही बाहेर एक्सएमएल गेलेलं बघायला मिळतं.

बैलगाडीला आरटीओचा नंबर नसतो. काटा तो घटक रिकामा पाठवत असणार, आणि तुमच्या स्कीमात त्यावर नंबरप्लेटचा पॅटर्न आहे. घटक नसणं आणि घटक रिकामा असणं या स्कीमाच्या दृष्टीने दोन गोष्टी. मिन-ऑकर्स (घटक कमीत कमी किती वेळा हवा ते) शून्य केलंत तरी रिकामा घटक पॅटर्नवर पडणारच. व्हॅलिडेटच्या आधी एक्सएसएलटीमध्ये रिकामा वाहन क्रमांक काढून टाका, मिन-ऑकर्स शून्य करा, आणि वाहनाचा प्रकार सक्तीचा करा: ट्रक, ट्रॅक्टर, टायरगाडी, बैलगाडी. पॅटर्न लिहिताना नुसतं एमएच २४ आणि २५ धरू नका. बिदरकडचा केए ३८ चा ट्रॅक्टर काट्यावर उभा राहिला की पुन्हा हीच रड.

---

खुलताबादकर

दुबार नोंद. आधी वेळा मांडा, म्हणजे दिसेल. काटा उत्तराची वाट किती सेकंद बघतो? समजा ३०. ईआरपीला रात्री ७० लागतात. तिसाव्या सेकंदाला काटा म्हणतो 'गेलं नाही', आणि तोच मेसेज पुन्हा टाकतो. पहिला मात्र ईआरपीच्या पोटात चालूच असतो. दोन्ही पूर्ण होतात. टाइमआउट म्हणजे 'झालं नाही' असं नाही, 'झालं की नाही ते कळलं नाही' असं आहे.

वेळा वाढवून हे मिटत नाही. दोन्ही टोकांना काम करावं लागतं.

ईआरपीच्या टोकाला युनिक की. नुसता पावती क्रमांक पुरत नाही. तो दर हंगामात एकपासून सुरू होतो आणि प्रत्येक काट्याचा वेगळा चालतो. की अशी: हंगाम, काटा क्रमांक, पावती क्रमांक आणि वजनाचा प्रकार, म्हणजे भरलेलं की रिकामं. तुमच्या मेसेजच्या यादीत हंगाम दिसत नाही. तो काट्याकडूनच घ्या. बसमध्ये आजच्या तारखेवरून काढलात तर हंगामाच्या टोकांना चुकेल. तीच की पुन्हा आली तर ईआरपीने फॉल्ट (एरर) द्यायचा नाही, जुन्या नोंदीचा क्रमांक देऊन 'ठीक' म्हणायचं. फॉल्ट दिला तर पाठवणारा आणखी जोमाने पाठवत बसतो.

बसच्या टोकाला पावती आली की आधी तपासणी, मग स्टोअर मीडिएटरने मेसेज स्टोअरमध्ये (मेसेज साठवून ठेवायची रांग), आणि त्यानंतरच काट्याला पोच. क्रम उलटा केला आणि मधे वीज गेली तर काट्याकडे पोच आहे पण पावती कुठेच नाही. स्टोअर मेमरीतलं नको, बस बंद झाली की ते जातं. जेडीबीसी (डेटाबेसमधलं) किंवा जेएमएस (मेसेज ब्रोकरमधलं) घ्या. काट्याच्या डब्ल्यूएसडीएलमध्ये (सोप सेवेच्या वर्णनात) ऑपरेशन उत्तराची अपेक्षा करणारं असेल तर नुसत्या २०२ ('स्वीकारलं') वर ते 'रिकामं उत्तर' म्हणून रडेल. पावती क्रमांक घातलेलं छोटं उत्तर पेलोड फॅक्टरीने बनवून द्या.

स्टोअरमधून ईआरपीकडे नेणारा फॉरवर्डिंग प्रोसेसर. इथे एक खड्डा आहे. तो एका मेसेजवर ठरलेले प्रयत्न करतो, न सांगता ४, आणि तरी जमलं नाही तर स्वतःच बंद पडतो. मेसेज रांगेच्या तोंडाशी तसाच. म्हणजे रात्री एक वाजता एका पावतीतला गट ईआरपीला पटला नाही, की सकाळपर्यंत मागच्या सगळ्या पावत्या ताटकळत. ड्रॉप चालू केलंत तर उलट, मेसेज फेकूनच देतो. पावतीच्या बाबतीत ते चालणारच नाही. म्हणून दोष दोन प्रकारांत वाटा. नेटवर्कचा दोष असेल (१०१५०३ कनेक्शन झालं नाही, १०१५०४ वेळ संपली) तर पुन्हा प्रयत्न. ईआरपीने वाचून नाकारलं असेल तर लगेच दुसऱ्या स्टोअरमध्ये, आणि मूळ रांग पुढे चालू. त्या दुसऱ्या स्टोअरवर रोज सकाळी केन (ऊस) विभागातल्या एका माणसाची नजर पाहिजे, त्याचं नाव आत्ताच ठरवा. प्रोसेसर बंद पडल्यावर चालणारा डीॲक्टिव्हेट सिक्वेन्स असतो, त्यात मेल किंवा एसएमएस लावा.

बसचे दोन नोड (सर्व्हर) असतील तर प्रोसेसरचा मेंबर काउंट (तो किती नोडवर चालेल) १ ठेवा. भरलेलं आणि रिकामं हे दोन वेगळे मेसेज आहेत. क्रम उलटला तर ईआरपीकडे रिकामं आधी पोचतं.

आणि लॉगात ३०३००१ दिसलं तर घाबरू नका. तो ईआरपीचा दोष नाही, बसनेच तो पत्ता निलंबित केलाय. सुरुवातीचा काळ ३० सेकंद आणि पट २ ठेवला असेल तर निलंबन ३०, ६०, १२०, २४० असं वाढत जातं. ईआरपी दोन मिनिटांत परत उठतं, बस मात्र चार मिनिटं रुसलेली. तुमच्याकडे ईआरपीचा पर्यायी पत्ता नाहीच, मग वाढत्या निलंबनाचा उपयोग काय? पट १ करा, कमाल ३० सेकंद ठेवा.

---

गोदाकाठ, नांदेड

वरच्यात एकच भर. काट्याचा मेसेज बसमध्ये शिरला की पहिल्याच सिक्वेन्समध्ये तो तुमच्या स्वतःच्या ठरलेल्या रूपात बदलून घ्या: आकडे इंग्रजी, स्पेस छाटलेल्या, तारीख वर्ष-महिना-दिवस, नेमस्पेस तुमचा. स्विच, क्लोन, जेसनचे साचे यांना फक्त हे रूप माहीत हवं. काट्याच्या सॉफ्टवेअरवाल्याने पुढच्या वर्षी नेमस्पेसमधला 'व्ही१' बदलून 'व्ही२' केला तर एकच एक्सएसएलटी बदलायची, अकरा एक्सपाथ शोधत फिरायचं नाही.

पण बांधणीची वजावट, निव्वळ वजन, दर यांचा हिशेब बसमध्ये आणू नका. 'इथेच वजाबाकी करून टाका की' असं कुणीतरी म्हणेलच. हिशेब ईआरपीत. नाहीतर लेखापरीक्षणात वजनाचा फरक निघाला की एक्सएसएलटी उघडून दाखवायची वेळ येते.

दिवसाला ३५०० टन गाळप धरलं तरी पावत्या काही शेकड्यांतच. वेगाची काळजी करू नका, हंगामाचे पहिले पंधरा दिवस लॉग पूर्ण पातळीवर ठेवा. पूर्ण लॉग म्हणजे प्रत्येक मेसेज उघडून वाचला जातो, मोठ्या गर्दीत ते जड जातं. इथे काही फरक पडणार नाही. फक्त खाते क्रमांक लॉगात उघडे पडतात, तेवढी फाइल जपा.

---

मांजराकाठ, लातूर

स्टोअर जेडीबीसीवर नेलं. युनिक की ईआरपीवाल्यांकडून मान्य करून घेतली, हंगामाचा घटक काट्यावाले द्यायला तयार झाले. ईआरपी मुद्दाम ९० सेकंद अडवून दोन काट्यांवरून एकच पावती चार-चार वेळा टाकून बघितली. प्रत्येक काट्याची एकेकच नोंद पडली.

एक चिल्लर गोष्ट राहिली. 'गोऱ्हे' आडनावाचे सभासद नावावरून शोधताना कधी सापडतात, कधी नाही. दिसायला दोन्हीकडे अगदी सारखं.

---

गोदाकाठ, नांदेड

त्यातला 'ऱ' दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे युनिकोडमधलं ०९३१ हे एकच चिन्ह, दुसरा म्हणजे ०९३० चा साधा र आणि त्याला ०९३सी चा नुक्ता (खालचं टिंब). पडद्यावर एकसारखे, बाइट वेगळे, म्हणून तुलना फसते. दोन्ही बाजू युनिकोडच्या एनएफसी (सुटी चिन्हं जोडून एक करणाऱ्या) रूपात आणल्या की दोन्हींचा ०९३१ होतो. एक्सएसएलटी १.० मध्ये त्यासाठी फंक्शन नाही. जावाच्या नॉर्मलायझरला हाक मारणारा छोटा क्लास मीडिएटर पहिल्या सिक्वेन्समध्ये टाका. आणि ईआरपीच्या मास्टरवरही तेच एकदा फिरवून घ्या, नुसता बसमध्ये करून जमणार नाही.